पोत्यावरचं लोखंड

बोकड दिसायच्या आधी ऐकू यायचा. अष्टमीच्या दुपारी मी गॅरेजच्या दारात टायरचं पंक्चर बघत बसलो होतो, तेवढ्यात फाट्याकडून ओळखीची ढकढक आली आणि मामा आतून ओरडले, "पाव्हणं, जागा मोकळी करा. रंगराव आला!"

बोकड म्हणजे जीप. मिलिटरीनं लिलावात काढलेली आणि रंगराव देसाईंच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. तिचं मूळचं इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. त्या जागी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. चाकं कुठल्याशा मोठ्या गाडीची होती, आणि मागचा पत्रा कापून दोन्ही बाजूंना बसायला सागवानी फळ्या ठोकल्या होत्या. जखुबाईच्या माळावर जिथं बैलगाडीचे बैल गुडघे टेकत, तिथं ही गाडी चढायची, म्हणून पंचक्रोशीत तिचं नाव बोकड. मामा तिच्याकडे बघून नेहमी म्हणायचे, "अंगात बळ रेड्याचं घातलंय, दावं मात्र शेळीचंच ठेवलंय." दावं म्हणजे ब्रेक. ते जुन्या जीपचेच राहिले होते.

मामा म्हणजे माझे सासरे, गुंडू लोहार. आमच्याकडे सासर्‍याला मामाच म्हणतात. मी कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. सासूबाई गेल्या आणि मामा एकटे पडले. शालन त्यांची एकुलती एक लेक. तिचा जीव बापात अडकलेला, म्हणून आम्ही दोघं बिर्‍हाड घेऊन इथं आलो, गारगोटीच्या पलीकडे या फाट्यावर. घरजावयाला गावात दोन नावं असतात. तोंडावर पाव्हणं, आणि पाठीमागं आयत्या बिळावरचा नागोबा. मला दुसरं नाव कुणी ऐकवलं नव्हतं, पण चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. तेवढ्यावरून माणसाला कळतं.

रंगराव खाली उतरले. पन्नाशीचा गडी, माळावरच्या देसाईवाड्याचा कारभारी. बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"मामा, ब्रेक पार गेला. पाय बुडापतूर जातोय. परवा आईला घिऊन उतरायचं हाय."

"आईलाच न्हवं, देवीला बी," मामा म्हणाले. "सोडून जावा. नवमीला पूजेच्या आधी गाडी तयार."

ही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जखुबाई वर माळावर, आणि गावाची शीव घाटाच्या पायथ्याला. दसर्‍याला शिलंगणासाठी सगळा गाव वरून खाली उतरतो, शिवेवर आपट्याचं सोनं लुटतो. तरणीताठी माणसं चालत येतात. देवीचा चांदीचा मुखवटा मांडीवर घेतलेला गुरव आणि ज्यांना चालवत नाही अशी म्हातारी माणसं मात्र बोकडातून येतात. आणि त्यांच्याबरोबर मागच्या फळीवर बसतो तो लोहार. ज्यानं ब्रेक केले त्यानं पहिल्या उताराला गाडीत बसायचं, हा मामांचा नियम होता, आणि गावानं त्याचा मान करून टाकला होता. मामांचे गुडघे गेले होते. बोकडात जागा नसती तर त्यांना शिलंगण दिसलंच नसतं. वर्षभर ते त्या एका उतारावर जगायचे म्हटलं तरी चालेल.

आम्ही चारही चाकं उघडली. चाकाला घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे लायनर झिजून रिबिटांपर्यंत आले होते. मागच्या एक्सलचं तेल चाकात येऊ न देणारी ऑइल सीलं गळत होती, ती मामांनी स्वतः नवी बसवली. मग चारही चाकांच्या शूवर, म्हणजे लायनर ज्यांवर बसतात त्या लोखंडी कमानींवर, नवे लायनर ठोकले. दिवस मावळेपर्यंत पुढची दोन चाकं मी बंद केली. मागच्या चाकांचे शू तयार होऊन जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर पडले, हातोडी, पाने, चिमटे यांच्याच शेजारी.

"र्‍हायलेलं सकाळी," मामा म्हणाले. "पूजा झाली की मग हत्याराला हात न्हाई."

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसर्‍याचं शिलंगण झाल्याशिवाय उचलायची नाहीत, हे लोहाराच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. त्याच्या आधी ती रॉकेलनं धुऊन, कोरडी करून, खोबरेल तेलाचा हात फिरवून लखलखीत करायची. हे काम घरच्या बाईचं. इतकी वर्षं सासूबाई करायच्या. पोत्यावरचं लोखंड परकं नाही, ते सगळं पुजेत येतं, असं त्या म्हणायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच शालनच्या हातात ती चिंधी आली.

नवमीच्या सकाळी मी दाराला आरसा टांगून दाढी करत होतो. मामा आंघोळीला गेले होते. शालन तेलाची वाटी घेऊन पोत्यापाशी बसली. पदर खोचलेला, आणि चेहर्‍यावर आईची आठवण.

"अहो, पोत्यावर हाय ते समदं घासायचं न्हवं?"

माझ्या गालावर वस्तरा होता.

"समदं," मी म्हणालो.

मामा ओल्या अंगानंच आले आणि मागच्या चाकांपाशी बसले. बाहेर पूजेला शेजारपाजारचे जमायला लागले होते, त्यामुळे घाई होती. शूची स्प्रिंग ताणून अडकवताना ती त्यांच्या चिमट्यातून दोनदा निसटली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता हे मला ठाऊक होतं, आणि हात किंचित कापतात हेही मी टिपून ठेवलं होतं.

"मामा, मी बसवू?"

"का? माझं हात मोडलं व्हय?"

तिसर्‍यांदा स्प्रिंग बसली. मग मी सीटवर जाऊन पेडलवर पाय ठेवला आणि मामा खाली झोपून ब्रेकच्या नळीतली हवा काढायला लागले. "मारा... मारा... मारा... आता धरा. सोडा." पेडल हळूहळू वर आलं, टणक झालं. आम्ही गाडी फाट्यापासून कालव्याच्या पुलापर्यंत नेऊन आणली. मोकळी गाडी, सपाट रस्ता. ब्रेक दाबला की उभी राहत होती. मामांनी बोनेटवर थाप मारली, "बोकडाच्या गळ्यात दावं पडलं!" मग झेंडू, भंडारा, नारळ, चाकाखाली लिंबू. पोत्यावरचं लोखंड उन्हात असं चमकत होतं की मामांना दोनदा चष्मा पुसावा लागला. शालनकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईवानी केलंस गं."

दसर्‍याला दुपारी आम्ही बोकडातूनच वर माळावर गेलो. ढोल लागले होते. मुखवटा छातीशी धरून गुरव पुढं बसला. मागं फळ्यांवर रंगरावांची आई आक्काताई, आणखी चार-पाच म्हातारी माणसं, आणि अगदी शेवटी नव्या फेट्यात मामा. मी मागच्या पायरीवर उभा राहिलो, दांडीला धरून. रंगरावांनी गाडी सोडली.

पहिलं वळण ठीक गेलं. दुसर्‍याला गाडी जरा पुढं घसरल्यासारखी झाली. आक्काताई हसून म्हणाल्या, "रंग्या, देवीला घाई झालीया व्हय रं?" तिसर्‍या वळणाच्या आधी मला पुढच्या चाकांचा जळका वास आला आणि रंगरावांचा पाय सारखा वरखाली होताना दिसला.

"थांबंना!" ते ओरडले. "मामा, थांबंना गाडी!"

गाडीनं वेग घेतला. गिअर पाडायला गेले तर तो अडकेना, नुसता खरखरला. उजवीकडं दरी होती. माणसांनी भरलेल्या त्या फळ्यांवर एकदम शांतता पसरली. मला माझ्याच बोटांची दांडीवरची पकड सुटेल असं वाटायला लागलं. आणि त्या शांततेत मामांचा आवाज आला, मोठा, पण न घाबरलेला.

"रंगराव, डावीकडं घाला! मातीवर घासा! चाक न्हवं, अंग घासा गाडीचं!"

रंगरावांनी गाडी डोंगराच्या कडेला दाबली. पत्रा फाटत गेला, घाणेरीची झुडपं मोडली, माती उडाली. पन्नास-साठ हात घासत जाऊन बोकड एका बाजूला कलला आणि थांबला. आक्काताई फळीवरून पडल्या, मनगटात मोडलं. बाकी खरचटणं. गुरव मुखवट्यावर पालथा पडून राहिला होता. मुखवट्याला ओरखडा नव्हता.

चालत येणारी माणसं धावत पोचली. बाया रडायला लागल्या. कुणी पाणी आणलं. आणि मग, कुणीतरी म्हणणारच होतं ते म्हणालं, "ब्रेक कुणी केलं हुतं?"

मी मामांकडे पाहिलं. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. फेटा सुटून गळ्यात आला होता. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, आणि ते हात थरथर कापत होते. मला त्या हातांतून निसटणारी स्प्रिंग आठवली. नवं बसवलेलं सील आठवलं. उलटं बसवलं असणार, एक्सलचं तेल लायनरवर आलं असणार, म्हातार्‍याला दिसलंच नसणार. माझ्या मनात शंकासुद्धा उरली नाही. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर ती दया करताना मी स्वतःला फार आवडलो.

"मी केले," मी म्हणालो. "चारी चाकं माझ्या हातची. चूक माझी. मामांनी हातसुद्धा लावला नाही."

मामांनी मान वर केली. फेटा गळ्यातून ओढून काढला.

गावाचं गणित मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं आता दोन थोबाडीत बसणार. पण एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "पोरगं खरं बोललं. दुसरा असता तर पळाला असता." मनगट धरून बसलेल्या आक्काताई कण्हत म्हणाल्या, "चुकतंया मानसाचं. जित्ती हाय न्हवं समदी." टपरीवर माझ्यासमोर गप्प होणार्‍यांतला एक माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. नागोबाचा एका क्षणात पाव्हणा झाला होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. खाली उतरताना रंगराव माझ्या जोडीनं चालत होते. त्यांनी पुढची माणसं लांब जाऊ दिली. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, नवमीला सकाळी मी गाडी बघाय आलो तवा मागच्या चाकापाशी मामा बसलं हुतं. खरं काय ते सांगा. माझी आई हुती गाडीत."

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी बोललो. "रंगरावदादा, मामांचे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण कुणाला बोलू नका. म्हातार्‍या माणसाचं नाव जाईल."

रंगरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी छाती फुगली. "तुम्ही लई मोठ्या मनाचं हाय," ते म्हणाले.

दुसर्‍या दिवशी ट्रॅक्टरनं बोकड ओढून गॅरेजात आणला. मामा त्याच्याकडे बघतही नव्हते. मी गारगोटीला पत्रा आणायला गेलो. मनात म्हटलं, त्यांना एकट्यालाच उघडू दे. स्वतःची चूक माणसानं एकट्यानं बघितलेली बरी. एवढा मी समजूतदार!

परत आलो तेव्हा मागची दोन्ही चाकं उघडी होती. शू बाहेर काढून उन्हात ठेवले होते. मामा खाटेवर बसले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. गुडघ्यांवर हात टेकत, पण उभे राहिले. सासरा जावयासाठी उठतो तो लग्नाच्या मांडवात. एरवी मामा कुणासाठी उठलेले मी पाहिले नव्हते.

"हे हुंगा," म्हणाले आणि एक शू माझ्या नाकापाशी धरला.

मी वास घेतला. एक्सलच्या तेलाला गंधकाची उग्र घाण येते, नाक फिरवावं लागतं. हा वास तसा नव्हता. हा वास आमच्या घरात रोज सकाळी शालन केस विंचरते तेव्हा येतो.

"सील कोरडं ठणठणीत हाय," मामा म्हणाले. "हे खोबरेल. लायनरनं पिऊन टाकलंय. पोरीला हाक मारली आन् इचारलं. रडाय लागली. म्हनली, आबा, आई म्हनायची पोत्यावरचं समदं पुजंत येतंय, म्हून मी ती बी घासली. मला काय ठावं त्याला तेल लावत न्हाईत."

मी शू हातात घेऊन उभा. माझ्या डोळ्यांसमोर आरसा आला, गालावरचा साबण आला, आणि वस्तरा न थांबवता उच्चारलेला एक शब्द आला. तिनं विचारलं होतं. अज्ञानी पोर नव्हती ती. लोहाराच्या घरात वाढलेली, शंका आली म्हणून विचारलं होतं. आणि मी पोत्याकडे न बघता सांगितलं होतं, समदं.

"आणखी काय म्हणाली?" मी विचारलं.

"आनि काय म्हनंल? माझीच चूक म्हनली. पाया पडली." मामांनी डोळे पुसले. "पाव्हणं, मला एक सांगा. तुम्हास्नी तवाच ठावं हुतं न्हवं? तिला तेल लावताना तुम्ही बघितलं हुतं. म्हून उतारावर म्हनलासा, चारी चाकं माझ्या हातची. मी खुळा, मला वाटलं हे पोरगं मला म्हातारा समजून झाकाय बघतंय. रातभर राग आला हुता तुमचा. तुम्ही लेकीची चूक डोस्क्यावर घेतलासा आन् मी तुम्हाला शिव्या देत पडलो हुतो."

खरं बोलायला याच्यापेक्षा सोपी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. मी चूक अंगावर का घेतली याचं खरं कारण मामांनी स्वतःच्याच तोंडानं सांगितलं होतं, आणि ते खुळेपण म्हणून फेकूनही दिलं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, मामा, तुमचा रातचा राग बरोबर होता. आणि शालननं मला विचारलं होतं.

मी मान हलवली. होकारार्थी.

मामांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ते हात त्या वेळीही कापत होते. आता मला कळलं की भावना दाटल्या की ते कापतात, आणि स्प्रिंग कुणाच्याही हातून निसटते. पण कळून काय उपयोग? घाटात मी त्या हातांचं नाव घेऊन बसलो होतो.

आत गेलो. शालन चुलीपुढं बसली होती. डोळे सुजलेले. मी दारातच उभा राहिलो.

"शालन, त्या दिवशी सकाळी तू मला विचारलं होतंस..."

तिनं वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली.

"भाकरी गार होतीया," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या."

आणि पानात नेहमीपेक्षा जास्त तूप वाढलं. उतारावर मी ज्याचं सोंग केलं, ते ही बाई खरोखर करून बसली होती. दुसर्‍याची चूक गप्पपणे डोक्यावर घेऊन. आणि तिच्याभोवती टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मी शरमेनं मान खाली घालून जेवत राहिलो, आणि मामांना ती विनयाची वाटली.

ते वर्ष माझं फार चांगलं गेलं. हे लिहितानाही कानशिलं गरम होतात, पण चांगलं गेलं. टपरीवर माझ्यासाठी बाक सरकवायला लागले. लोक काम घेऊन यायचे ते मला विचारत. मामा येईल त्याला सांगायचे, "असा जावई दिवा लावून हुडकला तरी गावायचा न्हाई." शालन तिथं असली तर चहाचे कप गोळा करून आत जायची.

रंगरावांना गाठून सांगावं असं मी अनेकदा ठरवलं. एका वाक्याचं काम होतं. मामांचे हात चांगले आहेत, चूक माझी. त्यात शालनचं नावही येत नव्हतं. बाजारात ते दोनदा समोरून आले, आणि दोन्ही वेळा मी पाऊसपाण्याचं बोललो. एकदा खोटं मोठेपण अंगाला चिकटलं की ते काढताना कातडी निघते.

वर्षानं पुन्हा अष्टमी आली, आणि फाट्याकडून ढकढक ऐकू आली. मामा आधीच उठून दारात उभे होते. धोतर नेसून, नवा फेटा खुंटीवर तयार ठेवून.

रंगराव उतरले. आक्काताई बर्‍या आहेत म्हणाले. मग मामांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "औंदा ब्रेक पाव्हणं एकलं करतील. मामा, तुम्ही बसून र्‍हावा."

"मी असतो की संगं," मामा म्हणाले.

"नगं. चारी चाकं त्यांच्याच हातची पायजेत. आन् उताराला बी तेच बसतील. तुमचं गुडघं दुखत्यात. घरीच थांबा दसर्‍याला."

मामा काही वेळ बोकडाकडे बघत राहिले. मागच्या फळीवर, जिथं ते इतकी वर्षं बसत आले तिथं, नवं लाकूड ठोकलं होतं. मला वाटलं, आता विचारतील. का म्हणून विचारतील. विचारलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. पण ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू होतं. कष्टानं आणलेलं असेल, पण हसू होतं.

"बघितलासा, पाव्हणं? खरं बोलनार्‍याची किंमत अशी असती. चूक कबूल केलेल्या मानसावर जग जास्त इस्वास टाकतंय." आणि रंगरावांना म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. त्यांचाच मान."

मी एक आवळलेला बोल्ट पुन्हा आवळत होतो. रंगराव जाताना माझ्यापाशी वाकले आणि पुटपुटले, "मी कुणाला बोललो न्हाई हां. शबुद पाळला."

मी चारही चाकं एकट्यानं करायला घेतली. मामा खाटेवरून बघत होते. पान्याचा नंबर माझ्या आधी त्यांच्या तोंडून निघायचा आणि ते जीभ चावायचे. नवमीच्या आदल्या संध्याकाळी मागच्या चाकांचे तयार शू मी पोत्यावर ठेवले नाहीत. कापडात गुंडाळून गॅरेजच्या छताखालच्या माळ्यावर टाकले, हाताला येणार नाहीत असे.

सकाळी मामांनी जाहीर केलं, "औंदा पूजेला पाव्हणं बसतील. हत्यारं आता त्यांचीच." आणि आपला घण, बापाच्या वेळचा, दांडा हातानं गुळगुळीत झालेला, स्वतः आणून पोत्याच्या मधोमध ठेवला.

शालन तेलाची वाटी घेऊन आली. पोत्यापुढं बसली. हातोडी, पाने, चिमटे, घण. तिनं एकेक वस्तू पाहिली. मग मान वर करून माळ्याकडे पाहिलं. कापडाचं टोक लोंबत होतं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी सुटलो असतो.

"अहो," ती म्हणाली, अगदी गेल्या वर्षीच्याच आवाजात, "पोत्यावर हाय ते समदं घासायचं न्हवं?"

मामा तिथंच होते. मी पूजेचा नारळ उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मामाच हसले.

"त्यास्नी काय इचारतीस खुळे? त्यांनीच न्हवं का सांभाळून घेतलं तुला?"

शालन माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होतो. तिनं थोडी वाट पाहिली, अगदी थोडी.

"व्हय आबा," ती म्हणाली, आणि चिंधी तेलात बुडवली.